चार वाजायच्या आत

१

वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस दोनाता दुसऱ्यांची असायची. लोकांचे झगे शिवायचे, पडदे शिवायचे आणि शहाऐंशी वर्षांच्या आईचं खाणंपिणं, औषधपाणी, रुसवेफुगवे सगळं सांभाळायचं. उरला एक दिवस, सप्टेंबरातला शेवटचा मंगळवार. त्या दिवशी ती बाबांची जुनी हिरवी स्कूटर बाहेर काढायची आणि एकटीच समुद्रावर जायची. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाची परवानगी काढायची भानगड नव्हती. विचारायचं फक्त शेजारच्या एर्मीनियाला, कारण दिवसभर आईजवळ कुणीतरी बसायला हवं.

"जा बाई, जा," एर्मीनिया आल्याआल्या म्हणाली. "आणि या खेपेला एखादा कोळी तरी धरून आण. एकोणसाठ म्हणजे काही वय झालं नाही."

"तुझ्याच नवऱ्याला घेऊन जाते. देऊन टाकते कोळ्यांना."

"ने की! परत आणलास तर मात्र बोलणार नाही तुझ्याशी."

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. हल्ली तिला कालचं आठवत नसे, पण घड्याळाला चावी द्यायला ती एक दिवस विसरली नव्हती. रोज सकाळी आठच्या बातम्यांबरोबर ती ते घड्याळ लावायची. पुरुषी, स्टीलचं, मोठ्या आकड्यांचं घड्याळ. त्यात मिनिटाचाही फरक पडलेला कुणी पाहिला नव्हता.

"मनगटावर बांध," आई म्हणाली. "एकला जेव. जेवल्यावर तीन तास पाण्यात पाऊल टाकायचं नाही. चारच्या आत नाही म्हणजे नाही."

"नाही टाकत, आई."

"आणि आल्यावर आधी नळावर पाय धू. वाळू घेऊन घरात आलीस तर बघ."

एकोणसाठ वर्षांच्या बाईला दर वर्षी हेच ऐकावं लागे, शब्दाचा फरक नाही. दोनाताने हसून घड्याळ बांधलं. अंगणातल्या नळाखाली बाटली भरली. तो नळ फिरवला की कुईं करून असा किंचाळायचा की गल्लीत कळायचं, यांच्याकडे कुणीतरी बाहेरून आलं. नळाशेजारी अंजिराच्या झाडाचा बुंधा होता. सगळ्या गावात कुंपणांवरून अंजिरं लोंबत असतात, पायाखाली चिरडतात, तरी या घरात पन्नास वर्षांत अंजीर आलेलं नव्हतं. झाड आईनेच तोडायला लावलं होतं.

२

गावापासून समुद्र चौदा किलोमीटर. दोन्ही बाजूंना दगडी बांध आणि वाळलेली ऑलिव्हची झाडं. स्कूटर उतारावर खोकायची, चढावर कण्हायची, पण चालायची. ऊन कोवळं होतं, हवेला बडीशेपेचा वास होता, आणि दोनाताला एकदम इतकं हलकं वाटलं की ती गाणंच म्हणायला लागली.

लहानपणी याच स्कूटरवर ते चौघं जात. धाकटी बहीण मिम्मा सगळ्यांत पुढे, बाबांच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी, हात हँडलवर. मग बाबा, त्यांच्या पाठीला नाक दाबून बसलेली दोनाता, आणि सगळ्यांत मागे पास्त्याचा टोप फडक्यात बांधून मांडीवर घेतलेली आई. मिम्मा दोनातापेक्षा तीन वर्षांनी लहान. देवीच्या देवळीजवळच्या वळणावर हॉर्न वाजवायचा मान तिचा. समोरून कुत्रंसुद्धा येत नसलं तरी ती तो वाजवायचीच. "राणीसरकार निघाल्या, बाजूला व्हा!" असं बाबा ओरडायचे.

अर्ध्या वाटेवरच्या हॉटेलात दोनाता कॉफीला थांबली. तिथल्या भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मनगटावर पाहिलं तर दहा पंचवीस.

"तुमचं घड्याळ मागे पडलंय वाटतं," ती गल्ल्यावरच्या बाईला म्हणाली.

"छे! आत्ताच दहाची बस गेली. बस एक वेळ चुकेल, आमचं घड्याळ चुकायचं नाही."

आईचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे? सकाळी तर तिने आपल्यासमोर लावलं. मग दोनाताला वाटलं, आई आता म्हातारी झाली, हेही व्हायचंच. तिला त्याचंच जास्त वाईट वाटलं. काटे मागे घेऊन ती निघाली.

३

हंगाम संपला होता. छत्र्या काढून झाल्या होत्या. पाण्यापर्यंत जाणाऱ्या लाकडी फळ्यांच्या वाटा उचलून शेडमागे रचल्या होत्या, शेजारी पाण्यातल्या खुणेच्या गोळ्यांचा ढीग पडला होता. साऱ्या किनाऱ्यावर एकच छत्री उभी होती, दुसऱ्या रांगेतली अकरा नंबरची. छत्र्यावाला कोसिमोकाका ती दर वर्षी दोनातासाठी ठेवायचा. इथे घरं छत्री बदलत नाहीत. एकदा जो नंबर घेतला, तो नातवंडांपर्यंत.

"आलीस का पोरी?" कोसिमोकाका म्हणाला. त्याला पंचाहत्तरी उलटली होती आणि त्याच्या लेखी दोनाता अजून पोरच होती. "मला वाटलं यंदा तुझ्या स्कूटरने राम म्हटला."

"ती तुम्हाला पोचवून मग जाणार, काका."

"त्याचीच भीती आहे." तो हसला आणि न सांगता डबाभर समुद्राचं पाणी आणून तिच्यापुढे ठेवून गेला. कडक भाजलेला पाव खाऱ्या पाण्यात भिजवून वर टोमॅटो चुरडायचा, हे तिचं इथलं जेवण. पण पाणी आणायला ती स्वतः जात नाही, हे कोसिमोकाकाला ठाऊक होतं. वीस वर्षं ती येत होती, आणि एकदाही तिचा पाय ओला झाला नव्हता.

पोहायला ती येतच नव्हती. ती येत होती एका दिवसासाठी, पन्नास वर्षांपूर्वीच्या ऑगस्टातल्या. त्या दिवसाच्या एक वाजेपर्यंतच्या भागासाठी म्हणा. त्याच्याइतकं सुख पुढे कधी तिच्या वाट्याला आलं नाही. आईने दोघींना पोहायच्या रबरी टोप्या आणल्या होत्या, दोनाताला निळी, मिम्माला पांढरी. त्यावर रबराचंच फूल. बाबांनी दोघींना खांद्यावरून पाण्यात फेकलं. आई चक्क शेजारच्या छत्रीतल्या बायकांबरोबर नाचली. पास्त्याची खरपूस कड मिम्माने दोनाताला स्वतःहून दिली, जे तिने जन्मात कधी केलं नव्हतं. वाळूत बसून डोळे मिटले की दोनाताला ते सगळं परत मिळायचं. आणि तीन वाजले की ती सामान आवरायची. चारपर्यंत ती कधीच थांबली नव्हती.

४

ऑगस्टातल्या त्या दिवशी जेवण एकला संपलं. आईने नेहमीचा हुकूम सोडला आणि घड्याळ मनगटावरून काढून दोनाताच्या हातात दिलं. "मी जरा पडते. लहान काटा चारवर आला की मला उठव. तोवर हिला सोडायचं नाही." बाबा पत्ते खेळायला गेले होते. भर दुपार. सगळ्या छत्र्यांखाली सगळी पोरं तीन तास संपायची वाट बघत होती, सगळ्या आया घोरत होत्या. समुद्रात एक माणूस नव्हतं.

"झाले का?" मिम्माने विचारलं.

"नाही."

"आता?"

"नाही गं बाई!"

"आता झाले?"

दोनाताच्या हातात चित्रकथांचं पुस्तक होतं. शेवटची तीन पानं उरली होती. मिम्माला घड्याळ कळत नव्हतं, पण लहान काटा चारवर यायला हवा एवढं कळत होतं. दोनाताने पाठ वळवून नखाने चावी ओढली, काटे फिरवले आणि घड्याळ तिच्या नाकासमोर धरलं. "हे बघ. झाले चार. तू हो पुढे, मी आलेच."

तीन पानं वाचून होईपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढे आई प्रत्येकाला सांगत सुटली. बाबांना, शिपायांना, पाद्रीबाबांना. "झोपेत मीच तिला जा म्हटलं असेन हो, आणि त्यात मध्येच अंजीर दिलं. दोन वाजता एक अंजीर दिलं. तिथून परत तीन तास धरायला हवे होते. माझंच चुकलं." पन्नास वर्षं त्या एका अंजिराने आईला खाल्लं. बाबा मरेपर्यंत तिच्याशी धड बोलले नाहीत. आणि दोनाता गप्प राहिली. आधी भीतीने, मग सवयीने. अलीकडे औषधवाला म्हणाला होता की तीन तासांचं ते सगळं थोतांड आहे, बुडणारा उपाशीपोटीही बुडतो. मग सांगून काय उपयोग, असं ती स्वतःला समजवायची. पण समुद्रात माणूस नव्हतं, कारण चार वाजले नव्हते. वाजले असते तर शंभर माणसं पाण्यात असती. औषधवाल्याला हे कुठे ठाऊक होतं?

उद्या सांगू, असं म्हणत तिने आईला शहाऐंशी वर्षांची केलं होतं.

५

जेवून दोनाताने घड्याळ काढून टॉवेलवर ठेवलं आणि आडवी झाली. जरा डोळा लागला असेल नसेल, ती दचकून उठली. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

चार! एवढा वेळ आपण झोपलो कसे? तिने घाईघाईने बाटली पिशवीत कोंबली, आणि मग तिचं लक्ष छत्रीच्या सावलीकडे गेलं. सावली अजून छत्रीच्या खालीच होती. ऊन डोक्यावर होतं.

शेडच्या दाराशी कोसिमोकाका खुर्ची टाकून पेंगत होता.

"काका, किती वाजले हो?"

"आं? अडीच. रेडिओवर आत्ताच झाले." त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. "झोप पोरी. या वेळेला उन्हात हिंडू नये."

दोनाताने घड्याळ उचललं. सेकंदकाटा थांबलेला होता. चावी बाहेर ओढलेली होती. बाहेर ओढून काटे फिरवले आणि आत दाबायची राहिली, असं. ती चावी इतकी घट्ट होती की मोठ्या माणसालाही नख लावून ओढावी लागे. काचेवर ओल्या वाळूचे दोन बारके ठसे होते.

झोपेत आपलाच हात लागला असेल, ती मनाशी म्हणाली. मग तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. शिवणाची बोटं, जाड, सुईने टोचलेली. आणि कोरडी.

६

रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यायची राहिली होती, हे तिला आठवलं आणि जरा धीर आला. त्यानेच होत असेल. पाणी प्यावं, डोकं ओलं करावं आणि निघावं.

तेवढ्यात मागून आवाज आला. टप टप टप टप, लाकडी फळ्यांवरून अनवाणी पळणाऱ्या पायांचा. बारके पाय, घाईतले. आवाज छत्रीच्या अगदी शेजारून पाण्याकडे गेला आणि जिथे फळ्या संपायच्या तिथे थांबला. दोनाताने मान वळवली. शेजारी नुसती वाळू होती. फळ्यांच्या वाटा शेडमागे रचलेल्या होत्या, तिने सकाळीच पाहिल्या होत्या.

समुद्र ताटात ओतल्यासारखा शांत होता. जिथे उथळ वाळू संपून पाणी एकदम गडद होतं, तिथे काहीतरी पांढरं तरंगत होतं. खुणेचा गोळा असेल. पण गोळेही शेडमागेच होते. त्या पांढऱ्याच्या कडेला काहीतरी फुलासारखं होतं. ते तिच्याकडे पाठ करून होतं, खोल पाण्याकडे तोंड करून. लाटेबरोबर ते हलत नव्हतं. वाट बघणारं माणूस उभं राहावं तसं ते एका जागी होतं.

कुणी काही बोललं नाही. तरी 'आता झाले?' हा प्रश्न दोनाताच्या कानात होता. पन्नास वर्षं तो तिथेच बसला होता, आणि त्याचं खरं उत्तर तिने कधी दिलंच नव्हतं.

"नाही झाले," ती म्हणाली. ती उठून उभी राहिली आणि छाती फुटेस्तोवर ओरडली, "नाही झाले गं! मिम्मा, ऐकतेस का? अडीचच वाजलेत! मी खोटं बोलले! बाहेर ये!"

कोसिमोकाका खुर्चीतून धडपडत उठला.

ते पांढरं सावकाश इकडे वळलं. पाण्यावर ऊन चमकत होतं, म्हणून तिला तोंड दिसलं नाही. पण ते किनाऱ्याकडे यायला लागलं. पोहत नव्हतं, तळाच्या वाळूवरून एकेक पाऊल टाकत येत होतं, आणि प्रत्येक पावलाला थोडं थोडं वर येत होतं. पाण्याबाहेर खांदे यायच्या आत दोनाता पळत सुटली. पिशवी, चपला, टॉवेल सगळं तिथेच राहिलं. घड्याळ तेवढं मुठीत होतं.

७

स्कूटर पहिल्याच लाथेला सुरू झाली, जी एरवी कधी होत नाही.

किलोमीटरभर गेल्यावर दोनाताच्या लक्षात आलं की आपण गुडघे फाकवून बसलोय. समोर पाय ठेवायच्या जागी काहीच नव्हतं. पिशवीसुद्धा किनाऱ्यावर राहिली होती. तरी तिचे पाय दोन कडांना टेकले होते आणि मधली जागा सोडलेली होती. तिने पाय जवळ घ्यायचा प्रयत्न केला. नाही घेता आले. घ्यायचं धाडस झालं नाही, हेच खरं.

हँडल जड लागत होतं. वारा समोरून येत होता, पण तिच्या छातीवर तो लागत नव्हता. झग्याचा पुढचा भाग ओला झाला होता. घाम आहे, ती म्हणाली. घामच आहे. पण त्याला खारा, रबराचा वास येत होता.

तिने खाली पाहिलं नाही. रस्त्यावर नजर ठेवली आणि रडत राहिली. भीती वाटत होती, अगदी दातखीळ बसेल इतकी. तरी पुढे खड्डा दिसला तसा तिने वेग कमी केला आणि कडेने घेतली, बाबा घ्यायचे तशी. धक्का बसू नये म्हणून.

देवीच्या देवळीजवळ वळण आलं. समोरून कुणी येत नव्हतं. दोनाताचे दोन्ही अंगठे हँडलखाली घट्ट आवळलेले होते.

हॉर्न वाजला.

८

"एवढ्या लवकर?" दारातच एर्मीनिया म्हणाली. "आणि चपला कुठायत? अगं बाई, कोळी मिळाला की काय खरंच?" दोनाताचा चेहरा बघून तिने जीभ चावली. "बरं नाही का? डॉक्टरला बोलावू?"

"ऊन लागलं. जा तू आता. उपकार झाले."

एर्मीनिया वळून वळून बघत गेली. दोनाताने बाहेरच्या दाराला आतून कडी घातली, अंगणातून तडक खोलीत आली आणि आईच्या पायाशी फरशीवर बसली.

"किती वाजले?" आईने विचारलं. दुपारनंतर ती रोज हे विचारायची.

दोनाताने मूठ उघडली. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. आईने ते डोळ्यांजवळ नेलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिथे सव्वातीन होते.

"हे चुकलंय," आई म्हणाली.

"मी पुढे केलं होतं, आई." दोनाताचा आवाज नऊ वर्षांच्या पोरीसारखा निघाला. "त्या दिवशी. तू झोपली होतीस तेव्हा. चार वाजले नव्हते. मला पुस्तक वाचायचं होतं म्हणून मी काटे फिरवले आणि तिला पाठवलं. तुझ्या अंजिराने काही झालं नाही. मी केलं. तू उगाच पन्नास वर्षं..."

आई घड्याळाची चावी बोटाने चाचपत राहिली. मग तिने ती टक्कन आत दाबली.

"घंटा ऐकली होती मी," आई म्हणाली. कालचं न आठवणारी आई एकेक शब्द स्वच्छ बोलत होती. "लोकांच्या ओरड्याने उठले तेव्हा किनाऱ्यावरच्या चर्चमध्ये पावणेतीनची घंटा होत होती. आणि तुझ्या हातातल्या घड्याळात सव्वाचार. मला काय कळलं नसेल?"

"मग ते अंजीर?"

"अंजीर मी दिलंच नव्हतं."

दोनाताने मान वर केली.

"कुणीतरी विचारलंच असतं ना, लवकर कुणी सोडलं म्हणून? बापाने तर तुला जिवंत ठेवलं नसतं." आईने तिच्या केसांतून हात फिरवला. "नऊ वर्षांची होतीस तू. एक गेली होती. दुसरीला कशी घालवू?"

दोनाताने आईच्या मांडीत तोंड खुपसलं आणि मोठ्याने रडली. पन्नास वर्षांत अशी रडली नव्हती. आई तिला थोपटत राहिली.

मग अंगणात नळ किंचाळला. कुईं.

पाणी दगडावर पडायला लागलं. बाहेरच्या दाराला आतून कडी होती. दोनाताने आईचा झगा घट्ट धरला. आई मात्र दचकली नाही. तिने खिडकीकडे तोंड केलं आणि रोजच्यासारख्या करड्या आवाजात म्हणाली, "बोटांच्या मधली वाळू काढ गं नीट. तशीच आत येऊ नकोस."

पाण्याचा आवाज थांबला. अंगणात ओले पाय फरशीवर आपटले, एकदा, दोनदा, आणि दाराशी येऊन थांबले. कुणीतरी टॉवेलची वाट बघत उभं असावं तसे.

"जा," आई हळूच म्हणाली. "थंडी वाजत असेल तिला."

दोनाताने खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल ओढला आणि भिंतीला धरून उभी राहिली.

"आलेच," ती म्हणाली, आणि या वेळी ती खरंच गेली.